यादीबाहेरचे विद्यापीठ

दरवर्षी जागतिक विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की आपण मागे का, याची चर्चा रंगते. नाशिकमध्ये बसून ती वाचताना मला गंगापूर धरणाजवळचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवते. अशा याद्यांत ते वर यावे कसे? आणि न येणे हे त्याचे अपयश म्हणावे का?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था. नाशिकचे एचपीटी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले, तेही मुंबईलाच जोडलेले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले आणि नाशिकची महाविद्यालये पुढे पुण्याला जोडली गेली. विद्यापीठ बदलले, पण ज्याला दिवसा महाविद्यालयात येणे शक्य नव्हते तो दाराबाहेरच राहिला.

त्याच्यासाठी १ जुलै १९८९ रोजी मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. त्यांनी त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, मराठीत स्वयंअध्ययनाची पुस्तके केली, गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली. नोकरदार, गृहिणी, शाळा अर्धवट सुटलेले असे लाखो विद्यार्थी त्यातून आले.

पुढे २००३ मध्ये शांघायची क्रमवारी आली. चिनी विद्यापीठे जगातल्या नामवंतांपासून किती दूर आहेत, हे पाहणे हा तिचा मूळ हेतू. तिच्यात १०० पैकी ३० गुण नोबेल आणि फील्ड्स पदक मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना व अध्यापकांना, तर २० ‘नेचर’ व ‘सायन्स’मधील लेखांना. नंतर आलेल्या क्यूएस क्रमवारीत बरीच वर्षे ४० टक्के भार अभ्यासकांतील लौकिकावर आणि २० टक्के अध्यापक–विद्यार्थी प्रमाणावर होता. म्हणजे लाखोंना प्रवेश देणे, हेच या मोजपट्टीवर वजाबाकी ठरते. मराठीत लिहिलेल्या चांगल्या पाठ्यपुस्तकाला तर तिथे रकानाच नाही.

आपली राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघू लागली. तिच्या सर्वसाधारण विद्यापीठ गटात सर्वसमावेशकतेला जागा मिळाली, पण १०० पैकी १० गुणांची. मुक्त विद्यापीठांचा वेगळा गट आला तो थेट २०२४ मध्ये.

याचा अर्थ मोजूच नये, असे मी म्हणत नाही. ‘आम्ही गोरगरिबांसाठी आहोत’ या वाक्याआड ढिसाळपणाही लपू शकतो. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली? किती जणांना बढती मिळाली? घरातली पहिली पदवीधर होणारी मुलगी पुढे काय शिकली? पुस्तके शेवटची कधी सुधारली? हे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत आणि ते कमी भरले तर विद्यापीठाला जाब विचारावा.

शांघायने आपला प्रश्न ठरवून आपली मोजपट्टी केली. नाशिकच्या विद्यापीठाचा प्रश्न तर १९८९ मध्येच ठरला होता. त्याची मोजपट्टी करायचे काम मात्र आपण दुसऱ्यांवर सोडून दिले.