भाकरी थापायची कुणी?

डायबेटीस निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: पोळी बंद, भाकरी सुरू. सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मीही तो रोज देते आणि तो योग्यच आहे. पण ज्या जिल्ह्यात देशातली नावाजलेली ज्वारी पिकते, तिथल्याच माणसाला भाकरी खा म्हणून सांगावं का लागतं, हे विचारल्याशिवाय तो सल्ला पुरा होत नाही. भाकरी आपल्या ताटातून आपोआप गेलेली नाही. ती जायला कारणं घडली आणि ती नीट पाहिली, तरच तिला परत आणता येईल.

माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. तिथली काळी, खोल जमीन पाणी धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरलेली ज्वारी पुढे जमिनीतल्या ओलाव्यावर आणि थंडीतल्या दवावर तरते. माघ-फाल्गुनात रान भेगाळतं तेव्हा कणसं भरलेली असतात. इथल्या स्थानिक मालदांडीतूनच 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी 35-1 हा वाण निवडला गेला. इतकी वर्षं उलटली तरी भाकरीच्या चवीला आणि कडब्याला शेतकरी अजून त्याचंच नाव घेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार उपाशी लोकांना खुलं करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, कारण या भागाला धान्य साठवण्याचं मोल कळलेलं होतं.

ती साठवण पेवात व्हायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. आतून कडब्याचं नि भुसाचं अस्तर लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडायचा. तो विझला तर आत जीव गुदमरवणारी हवा आहे हे ओळखून थांबायचं. कडेची ज्वारी काळपट पडायची, तिला कुबट वास यायचा. मधली मात्र चांगली निघायची. माझ्या आजीला नुसत्या वासावरून पेवातली ज्वारी ओळखता यायची.

त्या काळच्या ताटात भाकरी कधीच एकटी नसे. रब्बी ज्वारीच्या रानातच हरभरा असायचा, कडेनं काटेरी करडई. तिच्या काट्यांनी जनावरं दूर राहायची आणि बियांचं तेल घाण्यावरून घरी यायचं. भाकरीसोबत मटकी, हुलगा, पिठलं, अंबाडी, तांदुळजा, घोळ, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी, कच्चा कांदा आणि ताक. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला, कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते आणि रानातच पंगत बसते. ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबिल आणि त्या दिवसांत मिळतील तेवढे ओले दाणे नि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी. कडधान्य, पाला, भरड धान्य आणि आंबवलेलं ताक एकाच पत्रावळीवर. आज मी रुग्णाला कागदावर जे लिहून देते, ते या सणात आधीपासून आहे.

म्हणून तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणणार नाही. 1876 च्या दुष्काळानं याच सोलापूर भागात माणसं अन्नावाचून मेली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षं होतं. तान्ही मुलं दगावत, साथी येत. पुष्कळांचं आयुष्य डायबेटीस होण्याच्या वयापर्यंत पोचतच नव्हतं. भाकरीमुळे सगळे ठणठणीत होते, हे म्हणणं खोटं आहे. त्या ताटाच्या जोडीला दिवसभर चालणं, वाकणं, ओझी वाहणं होतं आणि पोटाला अनेकदा कमीच मिळत होतं, हेही सांगायला हवं.

मग ताट कसं बदललं? 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. पीक वाढलं, पण हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला मालदांडीची चव नाही, अशी तक्रार घरोघर होती. 1965 मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालं आणि सरकारी खरेदीचा भर गहू-तांदळावर राहिला. 1972 च्या दुष्काळात लोकांनी रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली, खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्ली. मिलोची आठवण काढताना माझ्या आईच्या चेहऱ्यावर अजून नाराजी उमटते. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. पाणी पोचलं तिथे ऊस आला, पुढे डाळिंब आलं. ज्वारी हातानं उपटावी लागते, कणसं खुडावी लागतात. मजूर मिळेना आणि भाव परवडेना. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळत गेले. पोळी आधी सणाची आणि पाहुण्याची होती. ती रोज करता येणं ही घराची ऐपत ठरली. हे सगळे निर्णय शहाण्या माणसांनी आपापल्या अडचणीतून घेतलेले होते.

एक कारण मात्र इतिहासात लिहिलं जात नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घालून ते काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगडावं लागतं. प्रत्येक भाकरीचा गोळा वेगळा मळायचा, पिठावर फिरवत थापायचा, कडा फुटू न देता तव्यावर टाकायचा, वरून पाणी फिरवायचं, मग उलटून आरावर फुगवायची. कणीक मळून झाकून ठेवता येते, ही सोय इथे नाही. खाणारे पानावर, करणारी चुलीपुढे. त्याआधी पहाटेचं जातं असायचं. गिरणी आली आणि तेवढं ओझं उतरलं. माझ्या आईनं पोळीकडे वळताना सुटकेचा श्वास घेतला, आणि त्याबद्दल तिला बोल लावायचा अधिकार कुणालाही नाही.

भाकरीसोबत ताटात आणखी काय हवं, हे मला एका अभ्यासानं शिकवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. दिसायला किडकिडीत जन्मलेल्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे त्यातून पुढे आलं. पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळं अधिक भरलेली होती. निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. माझ्या कामाला या अभ्यासानं दिशा दिली. शाकाहार चांगला, पण ताक-दूध आटलेला शाकाहार अपुरा. तिथे बी-12 तपासून गोळी द्यावीच लागते. आणि चरबीचं हे प्रमाण जन्मापासूनच असेल, तर डायबेटीस रोखायला चाळिशीची वाट पाहायची नसते, तर आईच्या ताटात पाला पडतो का हे पाहायचं असतं.

ज्वारीत चोथा भरपूर असतो आणि कोंड्यासकट दळली की ती सावकाश पचते. पण तिच्यातही पिष्ट आहेच. भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. दीड भाकरी, वाटीभर उसळ, त्याहून जास्त पालेभाजी, ताक आणि जेवणानंतर चालणं, असा तो सगळा संच आहे. त्यातला एक तुकडा उचलून औषधासारखा घेतला तर उपयोग होत नाही.

2023 हे वर्ष जगानं भरड धान्यांचं म्हणून साजरं केलं. शहरात ज्वारीचे महाग कुरकुरे आले. मला त्याहून सोलापूरच्या बायकांची कडक भाकरी मोलाची वाटते. पापडासारखी पातळ, वाळवलेली, टिकणारी ही भाकरी बचतगट आणि घरगुती उद्योग विकतात. ज्या कामाला घरात मोल नव्हतं, त्याचे इथे पैसे मिळतात. याच वाटेनं पुढे जायला हवं. मालदांडीला भाव, रेशनवर आणि शाळेच्या जेवणात नियमानं ज्वारी, आणि घरात भाकरी थापणारे आणखी हात.

म्हणून हल्ली जोडपं समोर बसलं की साखरेचा आकडा पाहून झाल्यावर मी विचारते, घरी भाकरी कोण करतं? बहुतेक वेळा नवरा बायकोकडे बोट दाखवतो. मग आहाराच्या कागदावर पहिली ओळ त्याच्यासाठी लिहिते: आठवड्यातून दोन दिवस भाकऱ्या तुम्ही थापायच्या. काहीजण शिकलेत, आणि त्या घरांत भाकरी टिकली आहे.