मीठ मागे उरते

गोड्या पाण्याची टाकी काही वर्षे नीट सांभाळली, गप्पी-मोली झाले, गोल्डफिश झाले, एंजल झाले, की पुढे खाऱ्या पाण्याचे वेध लागतात. तळोज्याच्या नव्या वसाहतींतही हा छंद पोहोचला आहे. त्याबरोबर एक समजही आला आहे : गोडे पाणी ही पहिली इयत्ता, खारे पाणी ही परदेशातून आलेली वरची इयत्ता, आणि पैसे असले की ती गाठता येते. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. खाऱ्या टाकीत माशांपेक्षा पाण्याविषयीच जास्त शिकावे लागते, आणि पाण्याची ही विद्या तळोजे ज्या पट्ट्यात येते त्या पनवेल-उरण-पेणच्या खाडीकाठी काचेची टाकी येण्याच्या कितीतरी आधी रुजलेली होती.

आधी काचेच्या टाकीची गोष्ट. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ती टिकतात हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी ते प्रसिद्ध केले. मग हाच प्रयोग त्यांनी समुद्राच्या पाण्यावर केला. म्हणजे गोड्यातून खाऱ्यात जाण्याची वाट या छंदाच्या जन्मापासूनची आहे. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी आपल्या पुस्तकातून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला, आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम व पोटॅशियम क्लोराइड यांपासून कृत्रिम समुद्रजलही तयार केले. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत खाऱ्या टाक्यांची लाटच आली, पण थोड्याच वर्षांत ती ओसरली. पाणी नासायचे, जीव मरायचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, त्याचे सूक्ष्म जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे काम करणारे जिवाणू विनोग्राड्स्की यांनी वेगळे काढून दाखवले ते 1890 च्या सुमारास. त्यांची वसाहत टाकीत जमायला काही आठवडे लागतात आणि तोवर मासे सोडायचे नसतात, हे गॉसच्या वाचकांना कोण सांगणार? समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, त्यात अमोनिया जास्त जहाल होतो, शिवाय प्राणवायूही गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. गोड्या टाकीत जी घाई खपून जाते ती इथे जिवावर बेतते, त्याचे कारण हे.

आता खाडीकाठाकडे वळू. ‘आगरी’ या नावाचा संबंध आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडला जातो. मिठागराचा सगळा व्यवहार एका गोष्टीवर चालतो : ऊन पाणी नेते, मीठ मागे उरते. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचे. खाऱ्या टाकीचा पहिला धडा नेमका हाच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. आठवड्यात पाच लिटर पाणी उडून गेले तरी ते साडेतीन किलो तिथेच राहतात. ती तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरली तर सगळे जागेवर येते. खाऱ्या पाण्यानेच भरत गेलो तर दर आठवड्याला 175 ग्रॅम मीठ वाढते आणि महिन्याभरात लिटरमागे 42 ग्रॅमवर पोहोचते. समुद्री माशाच्या रक्तातला क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे नेमके उलटे असते : पाणी आत शिरत राहते आणि ते त्याला मूत्रावाटे काढावे लागते. बाहेरचे मीठ वाढले की समुद्री माशाचे कष्ट वाढतात. यावर कोणी म्हणेल, मिठागराला पाणी आटवायचे असते, टाकीला ते आटू द्यायचे नसते, मग धडा एक कसा? हेतू उलटे आहेत हे खरे. पण दोन्हीकडे लक्ष एकाच गोष्टीवर ठेवावे लागते, ती म्हणजे रोज किती पाणी गेले.

दुसरा पुरावा खारबंदिस्तीचा. भरतीचे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे आणि त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतले पाणी या दारातून बाहेर जाते, भरतीचे आत येत नाही. पेण भागात असे बांध राखणाऱ्या शिलोत्रीदारांची स्वतंत्र व्यवस्था होती, पुढे 1948 मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला. उधाणाला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि मागे राहिलेले मीठ पुढची पिके धरू देत नाही. म्हणून बांधावर नजर ठेवणे हे रोजचे काम. सिडकोने नवी मुंबई वसवताना भरती थोपवायला धारण तलाव आणि झडपांची दारे बांधली, ती याच उघाडीची मोठी भावंडे. आणि याच पट्ट्यात जिताडा हा मासा तळ्यात वाढवण्याची रीत आहे. अलिबागजवळचे शहापूर-धेरंड त्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते तेव्हा जिताड्याची पिल्ले धरून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षे थांबायचे. मासा खारे पाणी सोडून गोड्यात येतो, पण ऋतूच्या चालीने येतो.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. जिताडा दोन्ही पाण्यांत राहणारा काटक मासा, प्रवाळातला क्लाऊनफिश तसा नाही. शिवाय जिताडा खाण्यासाठी वाढवला जातो, पाहण्यासाठी नाही. आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण मान्य आहे. (हे दोन्ही मासे आधी नर असतात आणि पुढे त्यांची मादी होते, हे साम्य विलक्षण आहे, पण त्याने पाण्याचा प्रश्न सुटत नाही.) प्रवाळाभोवतीचा समुद्र वर्षभर जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे तिथल्या माशाला चढउताराची सवयच नसते. पण म्हणूनच खाडीकाठच्या रीतीचे मोल वाढते. खाडी स्वतः बदलते, टाकीला मात्र ना भरती ना पाऊस. तिथे उघाडी सांभाळणारा माणूस आपणच. खाण्यासाठी की पाहण्यासाठी हा भेद जिभेचा आहे, पाण्याला तो ठाऊक नाही.

मग खाडीचेच पाणी टाकीत का भरू नये? मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर, समुद्रालगतच उभे राहिले होते. पण तळोज्याची गोष्ट वेगळी आहे. इथले पाणी पावसाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात दाट होते. आणि त्यात कासाडी नदी येऊन मिळते. या नदीने तळोजा औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी किती सोसले, हे 2017 च्या ऑगस्टमध्ये निळ्या रंगाच्या भटक्या कुत्र्यांनी देशाला दाखवले. ज्या खाडीने इथल्या माणसांना पाणी ओळखायला शिकवले, तिचेच पाणी आज टाकीत घालण्याच्या लायकीचे उरले नाही, हे फार मोठे नुकसान आहे. त्यामुळे तयार समुद्री मीठ, शुद्ध केलेले पाणी आणि क्षारमापक यांना पर्याय नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एवढीच विनंती : टाकी मांडल्यावर काही आठवडे ती माशांविना चालू द्या आणि पाण्याची पातळी रोज काचेवरच्या खुणेशी ताडून पाहा. जिवंत प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत, ते कोणी देऊ केले तरी घेऊ नका. क्लाऊनफिश आता बीजोत्पादन केंद्रांत तयार होतो. दुकानदाराला आधी विचारा, मासा केंद्रातला की समुद्रातून धरलेला, आणि केंद्रातलाच घ्या.