गळाला बांधलेलं पीस

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघालं की चिमण्या दिसू लागतात, तेच सिलतरा. इथे खनिजाचं स्पंज आयर्न होतं, त्याचं बिलेट, बिलेटची सळई आणि सळईची तार. गोदावरी पॉवर अँड इस्पातसारख्या कारखान्यांतून निघणारी ‘हार्ड ब्राइट’ तार खिळ्यांना आणि जाळ्यांना जाते. माशाच्या गळाला मात्र ही मऊ पोलादाची तार चालत नाही. त्याला जास्त कार्बनचं पोलाद लागतं, वाकवल्यावर पाणी द्यावं लागतं. त्यामुळे एवढ्या तारेच्या गावात राहून कुणाला फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्याची नकली माशी, स्वतः बांधायची हौस आली तर गळ कुरियरनेच मागवावे लागतात. नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘व्हाइस, म्हणजे गळ पकडणारा शिकंजा, कोणता घेऊ?’ सामानाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न शेवटी यायला हवा.

अशा माशीचा सर्वांत जुना लेखी पुरावा रोमन लेखक ईलियनचा, इसवी सन 200 च्या आसपासचा. मॅसिडोनियातले लोक एका नदीवर गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गलोलीखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसं त्यावर बसवतात, असं तो लिहितो. गळ, धागा, पीस. एवढंच सामान, आणि अवजार म्हणून माणसाची बोटं.

1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर सांगितला जातो. तिने तो लिहिला की नाही याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. त्यात बारा माश्यांची कृती आहे आणि गळ घरी करण्याचीही: सुई कोळशात लाल करायची, निवू द्यायची, उलटा काटा काढायचा, पुन्हा तापवून वाकवायची, मग पाण्यात विझवायची. उष्णतेने पोलाद मऊ करणं आणि कडक करणं हे त्या काळच्या मासेमाराला स्वयंपाकघराइतकं ओळखीचं होतं. पुढे हे काम सुया बनवणाऱ्या रेडिच गावाकडे गेलं आणि 1877 पासून नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीने गळ यंत्रावर करायला सुरुवात केली. गळाला सुईसारखं नेढं असणं तर आणखी अलीकडचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक गळ बिननेढ्याचे असत. रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून काढलेला तंतू त्यांच्या दांड्यालाच बांधून टाकत.

धागा तेव्हा रेशमाचा, मेण लावलेला; आज पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा. छत्तीसगडचं कोसा रेशीम चांप्यात मिळतं, पण त्याचा तंतू जाडा. मोठ्या माशीला एक वेळ चालेल.

पिसाची वंशावळ मात्र निवांत सांगण्यासारखी आहे. व्हिक्टोरियन काळात सामन माशासाठी ज्या झगमगीत माश्या बांधल्या जात, त्यांत जगभरच्या पक्ष्यांची पिसं असत. जॉर्ज केल्सनच्या 1895 च्या ग्रंथाने त्या हौसेला शास्त्राचा थाट दिला. ‘जॉक स्कॉट’ या गाजलेल्या माशीच्या बाजूंना बसणारं, टोकाला लाखेच्या थेंबासारखी चकती असलेलं पीस लागे ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. फ्रेंच प्रवासी पिएर सोनेरा याच्या नावाने 1813 साली या पक्ष्याचं नामकरण झालं. तो भारताबाहेर कुठेही रानात सापडत नाही. बस्तर-कांकेरच्या जंगलात आरवतो तो त्याचा तांबडा भाऊ. ढोबळमानाने गोदावरी ही दोघांची हद्द.

ईलियनची मेणाच्या रंगाची पिसं वाचताना हाच रानकोंबडा आठवतो, पण तो मोह आवरावा. मॅसिडोनियात तो नव्हता. तरी घरच्या कोंबड्यांत त्याचं रक्त आहे: कोंबडीच्या पिवळ्या पायांचा जनुक याच राखी भावाकडून आला, असं 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

1902 साली हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. हौस काही थांबली नाही. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली, ती माश्या बांधणाऱ्यांना विकता येतील म्हणून. आज परदेशात रानकोंबड्याचं पीस पाळीव पक्ष्यांचंच मिळतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ते बाळगायचा विचारही करू नये.

साध्या कोंबड्याची गोष्ट उलटी आहे. पूर्वी अमेरिकेतले लोक भारतातून आलेल्या कोंबड्याच्या मानेच्या कातड्यांवर काम चालवत. मग तिथल्या हौशी मंडळींनी निवड करून लांब, कडक पिसांच्या कोंबड्यांची जात तयार केली. 1989 पासून कोलोरॅडोच्या व्हायटिंग फार्म्सने तो धंदा मोठा केला. आता ते कातडं आपल्यालाच महाग पडतं.

आणि व्हाइस? शतकानुशतकं माश्या हातात धरूनच बांधल्या गेल्या. सामानातला तो धाकटा सदस्य. गळ घट्ट धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. स्वस्त, भारतात बनलेला व्हाइसही ते करतो, फक्त जबडे मोठा आणि बारीक असे दोन्ही गळ न घसरता धरतात का ते पाहून घ्यावं. उरलेले पैसे गळावर घालावेत. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे लक्षात ठेवून 6 ते 10 नंबरचे घ्यावेत, मरळीसाठी 2 नंबरचे. बारीक टोकाची एक कात्री फक्त याच कामाची ठेवावी, कारण तारेवर चालवली की तिची धार गेली. दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन होल्डर घ्यावा. बाकी चिमटे-बिमटे नंतर.

पिसांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. मोराची गळून पडलेली पिसं देशात विकता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत; त्यांचे तंतू माशीच्या अंगाला उत्तम. मानेची पिसं गावठी कोंबडा कापणाऱ्याकडून मागून घ्यावीत, कोमट साबणाच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवावीत आणि थोडे दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत, नाहीतर कसर लागते. तलावावर जाण्याआधी तिथल्या मत्स्य सहकारी संस्थेचा ठेका आहे का, तेही विचारावं.