वाघ नसलेल्या मुलखात: पापनाशम आणि कावेरीखोऱ्यातली वन्यजीवांची राखण

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधले, कावेरीच्या फाट्यांनी वेढलेले तालुक्याचे गाव. तिरुनेलवेलीकडचे पापनाशम वेगळे. ते डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याच्या मागे कळक्काड-मुंडनतुरैचे व्याघ्रवन पसरलेले आहे. तंजावरच्या पापनाशमभोवती मात्र नजर पोचेल तिथवर भातखाचरे, केळीच्या बागा आणि कालवे दिसतात. वाघ-हत्तीचे रान इथे नाही. तरीही रानातल्या जीवाला राखावे हा विचार या मुलखाला परका नाही. उलट जंगल दूर असल्यामुळेच माणसे वन्यजीवांच्या बाजूने का उभी राहतात, हे इथे अधिक स्पष्टपणे पाहता येते. शिकारीचा किंवा लाकडाचा मोठा व्यवहार या प्रश्नात फारसा मिसळलेला नाही. उरतात ती देवळे, धान्य, तळी, राजदरबार आणि समुद्र.

देवळांपासून सुरुवात करणे रास्त. पापनाशमला लागून असलेल्या तिरुप्पालैतुरै इथे पालैवननाथाचे शिवालय आहे. दारुकावनातल्या ऋषींनी अंगावर सोडलेला वाघ शंकराने इथे मारला आणि त्याचे कातडे पांघरले, अशी स्थळकथा सांगतात. त्याच तालुक्यात कावेरीकाठी कपिस्थलम आहे. वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी हे एक क्षेत्र. इथला विष्णू गजेंद्रवरद म्हणून पुजला जातो: मगरीने पाय धरलेल्या हत्तीला त्याने सोडवले ते इथे, अशी श्रद्धा आहे. हनुमंतालाही इथेच दर्शन झाले, म्हणून गावाचे नाव कपीवरून.

अशा कथांतून प्राण्यांचे संरक्षण आपोआप होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. गजेंद्राच्या कथेत हत्ती भक्त आहे आणि मगर संकट. कावेरीचा फाटा असलेल्या कोल्लिडमच्या पात्रात, विशेषतः अणैक्करैच्या धरणाच्या आसपास, मगरी आजही आहेत आणि काठावरच्या लोकांना त्यांची भीती वाटते. ती भीती खरी आहे, कारण मगर माणसावर आणि गुरांवर हल्ला करते. कथेने केले ते एवढेच, की प्राण्याला दुःख होते, तो हाक मारतो आणि ती हाक ऐकली जाऊ शकते, ही कल्पना घरोघरी रुजवली. तमिळ गावांच्या वेशीवर अय्यनार या ग्रामदेवाची राई असते, मातीचे मोठे घोडे असतात. त्या राईतले लाकूड तोडायचे नाही असा दंडक असतो. कोकणातल्या देवराईशी तिचे नाते लगेच ध्यानात येते. पण राई लहान असते, तिची सीमा आखलेली असते आणि तिच्या बाहेर शेत सुरू होते. संरक्षणाला पाठिंबा मिळतो की नाही, हे पुष्कळदा त्या शेतातच ठरते.

तिरुप्पालैतुरैच्या देवळाच्या आवारात विटांचे एक जुने धान्यकोठार उभे आहे. तंजावरच्या नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते बांधले. रुंदी 86 फूट, उंची 36 फूट आणि साठवण 3,000 कलम (धान्याचे जुने माप) भात, असे त्याचे मान सांगतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक ठरवले आहे. एवढे भात एका छताखाली आले की उंदीर आलेच. खाचरांच्या बांधात बिळे करून उंदीर लोंब्या आत ओढून नेतात. पीक कापणीला यायच्या आधीच त्यातला वाटा गेलेला असतो. या प्रदेशातला उंदराचा सापळा ‘तंजावर किट्टी’ म्हणून ओळखला जातो. बांबूची चीप धनुष्यासारखी वाकवायची, दोरीने ताणायची, खाली आमिष ठेवायचे आणि सापळा बांधाच्या वाटेवर रोवायचा. उंदराने आमिषाला तोंड लावले की धनुष्य सुटते आणि तो जागीच अडकतो. सापळे लावणारे तरबेज लोक संध्याकाळी खाचरांतून फिरून ते मांडतात आणि पहाटे उचलतात.

सापळ्याच्या जोडीला रात्री घुबड असते, दिवसा घार आणि बांधाबांधातून धामण. घुबड अशुभ मानले जाते, सापाची भीती सर्वांनाच असते. तरी भाताच्या शेतकऱ्याला या तिघांची किंमत कळते. खाचरात पक्ष्यांना बसायला टी आकाराच्या काठ्या रोवण्याची पद्धत कृषी खातेही शिकवते. घुबडाला बसायला जागा मिळाली की उंदरांवर त्याची नजर राहते. हा व्यवहार उघड आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. वन्यजीवांविषयीच्या लिखाणात उपयोगाचा विचार पुष्कळदा हलका मानला जातो. कावेरीखोऱ्याचा इतिहास मात्र सांगतो की उपयोग कळल्यामुळे आलेला पाठिंबा सर्वांत टिकाऊ ठरतो, कारण तो दर हंगामात नव्याने पटतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण थोडे उत्तरेला, चेंगलपट्टू भागातल्या वेडंतांगल इथे आहे. तिथल्या तळ्यातल्या झाडांवर चित्रबलाक, मुग्धबलाक, शराटी, चमचे आणि पाणकावळे हिवाळ्यात हजारोंनी घरटी करतात. त्यांची विष्ठा पाण्यात पडते आणि तेच खतावलेले पाणी खालच्या भाताला जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज शिपाई या पक्ष्यांवर गोळ्या झाडू लागले तेव्हा गावकऱ्यांनी कलेक्टर लायोनेल प्लेस याच्याकडे तक्रार केली. 1798 च्या सुमारास त्यांना कौल मिळाला: या तळ्यावर पक्षी मारायचे नाहीत. पक्ष्यांच्या जतनाचा सरकारी अभयारण्यापेक्षा कितीतरी जुना असा हा लेखी करार आहे, आणि तो मागितला शेतकऱ्यांनी. अभयारण्य म्हणून सरकारी मान्यता 1936 मध्ये आली. शिवगंगै जिल्ह्यातल्या कोल्लुकुडिपट्टीचे लोक तर घरट्यांतल्या पक्ष्यांना त्रास नको म्हणून दिवाळीत फटाके उडवत नाहीत. पूर्वीच्या तंजावर जिल्ह्यातले वडुवूरचे तळे आणि कोल्लिडमपलीकडचे करैवेट्टी हेही मुळात सिंचनाचेच जलाशय. दोन्ही 1999 मध्ये पक्षी अभयारण्ये झाली. वडुवूर 2022 मध्ये आणि करैवेट्टी 2024 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. शेतीसाठी कावेरीचे पाणी तळ्यात येते आणि पाणी आले की पक्षीही येतात.

वेडंतांगलच्या कौलाच्याच सुमारास, 1798 मध्ये, दुसरे सरफोजी राजे तंजावरच्या गादीवर आले. 1676 पासून इथे भोसल्यांचे राज्य होते. इंग्रजांशी झालेल्या 1799 च्या तहाने सरफोजींच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले. राज्यकारभार गेला, पण राजाचे लक्ष ग्रंथ, औषध आणि निसर्ग यांकडे वळले. सरस्वती महाल ग्रंथालयात पालकाप्याचे गजशास्त्र आणि अश्वशास्त्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. तंजावरच्या चिताऱ्यांकडून सरफोजींनी पक्षी-प्राण्यांची चित्रे काढवून घेतली. त्यांपैकी एक संग्रह त्यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच सुमारास पुण्यात गंगाराम तांबट पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढत होता. मराठी दरबारांत प्राण्याकडे निरखून पाहण्याची ही नजर घडत होती.

या कुतूहलाला संरक्षण म्हणता येणार नाही, कारण चित्र काढायला प्राणी पकडावाच लागे. पण ज्याला पिसाचा रंग, चोचीचा बाक, खुराची ठेवण माहीत असते, त्याला तो जीव नाहीसा होण्याचा अर्थही कळतो. पुढे मुंबईत 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे काम याच दिशेने गेले. तंजावरच्या किनाऱ्यावर, कोडिक्करै इथे, सोसायटीने वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत वळी अडकवून त्यांचे प्रवास नोंदवले. सैबेरियाकडून उतरणारे चिखल्या पक्षी आणि रोहित या मीठखाजणांवर थांबतात, हे त्या नोंदींमुळे जगाला कळले.

इंग्रजी कायद्यांनी संरक्षणाचे कारण वेगळे धरले. मद्रास सरकारने 1873 मध्ये रानहत्तींच्या रक्षणाचा कायदा केला, तो हत्तीच्या मोलासाठी: लाकूड ओढायला, ओझी न्यायला हत्ती हवा होता. 1912 च्या कायद्यात शिकारीचा हंगाम आणि बंदीचा काळ ठरवला गेला. यात रयतेला विचारले गेले नाही, आणि पुष्कळ ठिकाणी संरक्षण म्हणजे सरकारी मनाई अशी समजूत तिथूनच रुजली. स्वातंत्र्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच काळात तमिळनाडूत सापाच्या कातड्यांचा व्यापार जोरात होता. धामणी मोठ्या संख्येने मारल्या जात आणि साप पकडण्यात तरबेज असलेल्या इरुळर जमातीची पोटे त्यावर चालत. 1976 मध्ये कातड्यांची निर्यात बंद झाली. 1978 मध्ये इरुळरांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, त्याचे विष काढायचे, ते सर्पदंशावरच्या औषधासाठी द्यायचे आणि साप पुन्हा सोडायचा. जिवंत साप मेलेल्यापेक्षा अधिक मोलाचा झाला आणि पकडणाऱ्याचे कौशल्यही वाया गेले नाही. बंदीबरोबर रोजगार आला म्हणून तिला पाठिंबा मिळाला.

कोडिक्करैला 1967 मध्ये अभयारण्य जाहीर झाले ते मुख्यतः काळवीटासाठी. तेव्हा हा किनारा तंजावर जिल्ह्यातच होता. 1991 मध्ये नागपट्टिणम वेगळे झाले. समुद्रकाठच्या गवतावर चरणारे काळविटांचे कळप, खाजणांवरचे पक्षी आणि मिठागरे एकाच पट्ट्यात नांदतात. 2002 मध्ये या पट्ट्याला रामसर दर्जा मिळाला.

तंजावर जिल्ह्याच्या उरलेल्या किनाऱ्यावर, पाल्कच्या सामुद्रधुनीत, 21 सप्टेंबर 2022 रोजी देशातले पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. 448 चौरस किलोमीटरचा हा पट्टा तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांना लागून आहे. डुगाँग म्हणजे समुद्रतळाचे गवत खाणारा सस्तन प्राणी. कोळी त्याला ‘कडल पसु’ म्हणजे समुद्रगाय म्हणतात. एकेकाळी मांसासाठी त्याची शिकार होई. आता जाळ्यात अडकलेला डुगाँग सोडून देणाऱ्या कोळ्यांना वनखाते बक्षीस आणि मानपत्र देते. जाळे कापावे लागते, त्या दिवसाची मासळी जाते. ती तूट कुणीतरी भरून दिली तरच जाळे कापले जाते. त्याच किनाऱ्यावर, मल्लिपट्टिणमजवळ, नेपोलियनवरच्या इंग्रजी विजयाची आठवण म्हणून सरफोजींनी 1815 च्या सुमारास बांधलेला मनोरा आहे. डुगाँगसाठी संवर्धन केंद्र या मनोऱ्याजवळ उभारण्याचे सरकारने ठरवले आहे.

पापनाशमच्या खाचरांत आजचा वाद मोर आणि रानडुक्कर यांचा आहे. 1963 पासून राष्ट्रीय पक्षी असलेला मोर मुरुगनचे, म्हणजे कार्तिकेयाचे, वाहनही आहे, म्हणून त्याला मारायला हात धजत नाही. पण रोपे उपटली गेली, दाणे टिपले गेले की शेतकऱ्याचे नुकसान कागदावर यायला वेळ लागतो. रानडुक्कर एका रात्रीत खाचर उलथून टाकते. धामण आणि घुबड यांच्या बाबतीत शेतकऱ्याचा हिशेब जमेकडे होता. इथे तो खर्चाकडे आहे. भरपाई वेळेवर मिळते तिथे तक्रार कुरकुरीपुरती राहते, आणि मिळत नाही तिथे बांधावर विजेची तार येते. तारेत डुक्कर सापडते, कधी मोर सापडतो, कधी माणूसही.