गोव्यातील एक बंदी आणि ‘सत्य’ नावाचे पान

कादंबरीकाराला खोटे बोलण्याचा परवाना असतो, असे आपण थट्टेने म्हणतो. पण त्या परवान्याला एक अट आहे. आपण गोष्ट सांगत आहोत, हे त्याने वाचकापासून लपवू नये. मी कादंबऱ्या लिहितो आणि मेळघाटात, सेमाडोहच्या शाळेत, इतिहासही शिकवतो. त्यामुळे ही अट मला दोन्ही बाजूंनी बांधते. ती मोडली म्हणजे केवढा गोंधळ होतो, हे २००६ साली गोव्यात दिसून आले.

डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ‘द दा विंची कोड’ ही रहस्यकादंबरी २००३ साली निघाली आणि जगभर हातोहात खपली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक खून होतो. मृताने मागे ठेवलेल्या खुणांचा माग काढीत प्राध्यापक लँग्डन एका गुपितापाशी पोचतो. येशूने मग्दालीया मरीयेशी विवाह केला, त्यांचा वंश अद्याप नांदतो आहे आणि चर्चने ही गोष्ट शतकानुशतके दडपली, असे ते गुपित. रॉन हॉवर्ड यांनी या कथेवर काढलेला चित्रपट मे २००६ मध्ये प्रदर्शित झाला.

आपल्याकडे ख्रिस्ती समाजातून निषेध झाला. केंद्रीय मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसमवेत चित्रपट पाहिला. कथा काल्पनिक असल्याचे निवेदन जोडून, केवळ प्रौढांसाठी, तो दाखवावा असे ठरले. तरीही गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू, आंध्र प्रदेश अशा राज्यांनी त्यावर बंदी घातली. पुढे आंध्र आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यातील बंदी रद्द ठरवली, आणि देशभर बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानेही नाकारली.

गोव्यातील भाविकांच्या दुःखाला हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. याच भूमीत फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूरला छापून निघाले. ख्रिस्ताचे चरित्र तिथल्या माणसाला पुराणासारखे कानांतून हृदयात उतरलेले आहे. त्या चरित्राला कोणी कारस्थान म्हटले, तर मन दुखावणारच.

परंतु वाचकहो, दुखण्याचे मूळ पडद्यावर नव्हतेच. ते कादंबरीच्या आरंभीच्या एका पानावर होते. कथा सुरू होण्यापूर्वी ‘सत्य’ असे शीर्षक देऊन लेखकाने बजावले आहे की, सियाँचा मठसंघ ही १०९९ साली स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संस्था आहे आणि तिची कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली आहेत. वस्तुस्थिती अशी की, या नावाचे मंडळ पिएर प्लांतार नावाच्या गृहस्थाने १९५६ साली फ्रान्समधील आन्मास गावी स्थापन केले. ग्रंथालयातील ते कागद त्याने आणि त्याच्या साथीदारांनी रचून तिथे ठेवलेले होते. गंमत पाहा! चित्रपटात हे पान नाही, आणि पडद्यावरचा लँग्डन पुस्तकातल्या लँग्डनपेक्षा अधिक शंकेखोर आहे. म्हणजे जे अधिक सावध होते, तेच अडवले गेले. खोटी साक्ष देणारे पान मात्र तीन वर्षे लोक वाचतच होते.

याच वर्षी लंडनच्या न्यायालयात एक खटला निकालात निघाला. १९८२ साली हीच वंशकथा ‘इतिहास’ म्हणून मांडणाऱ्या दोघा लेखकांनी, बेजंट आणि ली यांनी, ब्राऊनने आपली मांडणी उचलल्याची तक्रार केली होती. ते हरले. मला त्यातली अडचण मोठी बोलकी वाटते. इतिहास म्हटला तर तो कोणाच्या मालकीचा नाही, आणि मालकी सांगावी तर ती आपली कल्पना होती, असे कबूल करावे लागते!

आमच्या डोंगरातही दोन्ही प्रकारचा माल आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून चिखलदरा, असे सांगतात. त्याच्याच शेजारचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. “गुरुजी, कीचक खरा का?” असे मुले विचारतात. त्यांना मी सांगतो, ही सांगीव गोष्ट आहे, ती आवडीने ऐका. गाविलगडाच्या लढाईचे मात्र कागद आहेत. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणाच्या फायद्यासाठी लिहिले, हे विचारा.

सियाँच्या कागदांना हे तीन प्रश्न विचारले असते, तर त्या ‘सत्य’ पानाचा डोलारा जागच्या जागी कोसळला असता. बंदीला हे प्रश्न विचारता येत नाहीत. पाटी पाहून पुढे सरकणाऱ्या प्रेक्षकालाही ते सुचत नाहीत. ते वाचकालाच विचारावे लागतात, आणि तसा वाचक शाळेतच घडवावा लागतो.