वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर झालाय? आधी रिपोर्टमधल्या या तीन गोष्टी समजून घ्या

वडील रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. 'वय झालं की होतं असं' म्हणून घरात कुणी लक्ष देत नाही. मग एक दिवस रक्ततपासणी होते, पाठोपाठ बायोप्सी आणि रिपोर्टवर लिहिलेलं असतं : 'ॲडेनोकार्सिनोमा, ग्लीसन ३+४=७'. घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, आता किती दिवस?

या प्रश्नाचं उत्तर 'कॅन्सर' या शब्दावरून मिळत नाही. त्यासाठी पीएसए, ग्लीसन स्कोअर आणि स्टेज या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पीएसए म्हणजे काय?

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती तयार करत असलेल्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण म्हणजे पीएसए. ते ४ च्या वर गेलं की डॉक्टर सहसा पुढची तपासणी सुचवतात. पण वयानुसार ग्रंथी वाढल्याने किंवा संसर्गामुळेही पीएसए वाढतं. त्यामुळे निदान पक्कं होतं ते बायोप्सीनंतरच.

ग्लीसन स्कोअर काय सांगतो?

डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ही पद्धत तयार केली. कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात, हे त्यातून कळतं. आज रिपोर्टमध्ये साधारणपणे ६ ते १० असा स्कोअर असतो. ६ म्हणजे संथ वाढणारा, ८ ते १० म्हणजे आक्रमक. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ असली, तरी ४+३ जास्त गंभीर मानला जातो.

स्टेज कशी ठरते?

एमआरआय, बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅनमधून कॅन्सर ग्रंथीपुरताच आहे की हाडांपर्यंत पोहोचलाय, हे समजतं. पुढचे उपचार मुख्यतः यावर ठरतात.

लगेच ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही. धोका कमी असेल तर ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवलं जातं. याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा नाही. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' या अभ्यासात ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते : देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे १५ वर्षांनंतर या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होतं. मात्र देखरेखीच्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण जास्त होतं. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचं नियंत्रण आणि लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून निर्णय वडिलांशी बोलूनच व्हायला हवा.

कॅन्सर पसरला असेल तर?

हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर वाढतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आजही उपचारांचा पाया तोच आहे : इंजेक्शनने किंवा वृषण काढण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेने हा हार्मोन कमी करणं. जोडीला अबिराटेरोनसारख्या गोळ्या किंवा केमोथेरपी दिली जाते. या टप्प्यात आजार पूर्ण बरा होणं कठीण असतं, पण अनेक रुग्णांमध्ये तो काही वर्षं आटोक्यात राहतो.

अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार, ग्रंथीपुरता कॅन्सर असलेले जवळपास सगळे रुग्ण निदानानंतर पाच वर्षांनी हयात असतात. दूरवर पसरलेल्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. ही सरासरी आहे, वडिलांचं भाकीत नाही.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष नको?

कॅन्सर हाडांत असताना अचानक पाठ खूप दुखू लागली, पायातली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं ते लक्षण असू शकतं. उशीर झाला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

मुलांनी काय करावं?

वडिलांना हा कॅन्सर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. वडिलांचं निदान ६५ वर्षांच्या आत झालं असेल, तर मुलांनी वयाच्या ४५ व्या वर्षी पीएसए तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावं, असं अमेरिकन कॅन्सर सोसायटी सुचवते. म्हणजे वडिलांची ही फाइल जपून ठेवायची ती मुलांसाठीसुद्धा.