ऑफिसच्या फोन यंत्रणेसाठी रॅकमाउंट सर्व्हर घेताय? आधी लाइन बघा, मग प्रोसेसर

कडेगाव हा सांगली जिल्ह्यातला तालुका. कराडहून विट्याकडे जाताना वाटेत लागतो. आजूबाजूला ऊस, आणि तालुक्यातच वांगीला सोनहिरा साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की अशा कोणत्याही कारखान्याचे फोन रात्रंदिवस वाजत राहतात. तोड कधी मिळणार हे विचारणारे शेतकरी असतात, काट्यावरून शेती विभागाला जाणारे निरोप असतात. रात्री दोन वाजता यार्डात ट्रॉली उलटली, तर गेटवरून दवाखान्याला पहिला फोन जातो.

मोबाइल आता प्रत्येकाकडे आहे. पण एकच नंबर फिरवून हव्या त्या खात्यात पोहोचणं, माणूस बदलला तरी नंबर तोच राहणं आणि आलेल्या कॉलची नोंद राहणं, हे काम ऑफिसच्या फोन यंत्रणेचं. पूर्वी ते भिंतीवरची ईपीएबीएक्सची पेटी करायची. आज तेच काम ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि एक सर्व्हर करू शकतो. हा सर्व्हर निवडताना अनेक जण महागडा प्रोसेसर घेतात आणि खरा पैसा जिथे घालायला हवा तिथेच हात आखडता घेतात.

ॲस्टेरिस्क म्हणजे काय?

ॲस्टेरिस्क ही या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध ओपन सोर्स फोन यंत्रणा. अमेरिकेत लिनक्सची मदत-सेवा देणारी छोटी कंपनी चालवणाऱ्या मार्क स्पेन्सर यांना तयार फोन यंत्रणा परवडत नव्हती. म्हणून त्यांनी १९९९ मध्ये स्वतःच ती लिहिली. पुढे त्यांची डिजियम ही कंपनी २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमा कंपनीने विकत घेतली. ॲस्टेरिस्क लिनक्सवर चालतं. फ्रीपीबीएक्स हा त्यावरचा वेब ब्राउझरमधून वापरायचा मुखवटा आहे. त्यात एक्स्टेन्शन, रिंग ग्रुप, ‘मराठीसाठी एक दाबा’ असा मेनू हे सगळं माऊसने लावता येतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, खर्च येतो तो हार्डवेअरचा आणि देखभालीचा.

पहिला प्रश्न: लाइन कोणती येणार?

सर्व्हरचा आकार, त्यातले स्लॉट, अगदी तो नवा घ्यायचा की जुना, हे सगळं या एका प्रश्नावर ठरतं. बाहेरचे कॉल आत येण्याचे मुख्य मार्ग तीन.

• साधी तांब्याची लाइन: एका लाइनवर एका वेळी एकच कॉल.
• पीआरआय: एका जोडणीवर एकाच वेळी ३० कॉल. यात प्रत्येकी ६४ केबीपीएसचे ३२ कप्पे असतात. ३० कप्पे आवाजासाठी, एक संकेतांसाठी आणि एक ताळमेळासाठी.
• सिप ट्रंक: कॉल थेट नेटवर्क केबलमधून येतात, वेगळं कार्ड लागत नाही.

पहिल्या दोन मार्गांसाठी सर्व्हरमध्ये टेलिफोनी कार्ड बसवावं लागतं आणि घोळ इथेच होतो. जुनी कार्डं पीसीआय स्लॉटची आहेत, आजच्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्स्प्रेस असतो. ही दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. शिवाय जुन्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या लिनक्सवर चालेलच असं नाही. फ्रीपीबीएक्सची १७ वी आवृत्ती डेबियन १२ वर चालते, त्यामुळे कार्ड घेण्याआधी त्यावर ते चालतं का, हे विक्रेत्याकडून लिहून घेणं बरं.

याला दुसरा मार्ग आहे तो गेटवेचा. ही वेगळी छोटी पेटी असते. तिच्या एका बाजूला पीआरआय किंवा तांब्याची लाइन आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क केबल. मग सर्व्हरला कार्डाची गरजच उरत नाही. सर्व्हर बिघडला तर गेटवे तसाच ठेवून त्याच्यामागे दुसरा सर्व्हर जोडता येतो. मोठ्या शहरापासून लांब असलेल्या जागी ही सोय फार मोलाची ठरते.

एक गोष्ट कायद्याची. लाइन किंवा सिप ट्रंक परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी लागते. परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून परवान्याशिवाय स्थानिक लाइनवर सोडणं हा भारतात गुन्हा आहे.

१यू की २यू?

रॅकमाउंट सर्व्हर १९ इंच रुंदीच्या रॅकमध्ये बसतो. त्याची उंची ‘यू’मध्ये मोजतात. १यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, २यू म्हणजे त्याच्या दुप्पट.

१यू जागा वाचवतो, पण त्याचे पंखे लहान असल्यामुळे फार वेगाने फिरतात आणि मोठा आवाज करतात. लिपिकाच्या टेबलाशेजारी तो ठेवता येत नाही. २यूमध्ये मोठे पंखे बसतात, त्यामुळे आवाज कमी होतो आणि कार्डांनाही जास्त जागा मिळते. तरीही पूर्ण उंचीचं कार्ड सुमारे १११ मिलिमीटरचं असतं, म्हणजे ते २यूच्या ८८.९ मिलिमीटरमध्ये उभं मावत नाही. त्यासाठी कार्ड आडवं बसवणारा रायझर किंवा कमी उंचीचं कार्ड लागतं. रॅकची खोलीही मोजून घ्या. भिंतीवरच्या छोट्या रॅकमध्ये लांब सर्व्हर बसत नाही, हे बहुतेकांना पेटी उघडल्यावर कळतं.

प्रोसेसर, रॅम आणि डिस्क: हिशोब करून पाहा

शंभर फोन असले तरी शंभर जण एकाच वेळी बोलत नाहीत. म्हणून फोन मोजू नका, गर्दीच्या तासाला एकाच वेळी किती कॉल चालतात ते मोजा. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीने एका कॉलला नेटवर्कवर प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. ३० कॉल म्हणजे सुमारे २.६ एमबीपीएस. आजचा साधा चार कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम याला भरपूर झाली. प्रोसेसरवर खरा ताण येतो तो आवाज एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलावा लागला तर. सगळीकडे एकच पद्धत ठेवली की तो ताणही टळतो.

डिस्कचा हिशोब मात्र करावाच लागतो, कारण कॉल रेकॉर्ड करायचे असतात. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला जवळपास १ एमबी जागा लागते. समजा, दिवसाला ५०० कॉल आणि प्रत्येक कॉल तीन मिनिटांचा. म्हणजे रोज सुमारे १.४ जीबी. १२० दिवसांच्या हंगामात १७० जीबीच्या आसपास.

दोन एसएसडी घेऊन त्यावर एकसारखी माहिती लिहिणारी रेड १ ही मांडणी करा. एक डिस्क गेली तरी फोन चालू राहतो. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते. फ्रीपीबीएक्सचा बॅकअप रोज दुसऱ्या यंत्रावर गेलाच पाहिजे.

खरी परीक्षा: वीज, ऊन आणि धूळ

कडेगावसारख्या ठिकाणी सर्व्हर आजारी पडतो तो कॉलच्या ओझ्याने नाही, वातावरणाने.

वीज: अनेक ऑफिसांत १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी असते. ती कागदावर १,८०० वॉट-तासांची. त्यातली ७० टक्के हाती लागते असं धरलं तर सुमारे १,२५० वॉट-तास. सर्व्हर १२० वॉट, केबलमधूनच फोनला वीज देणारा पीओई स्विच आणि २४ फोन मिळून १०० वॉट, राउटर २० वॉट धरले, तर पाच तास निघतात. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर, ही नेहमीची चूक. वीज गेली की सर्व्हर चालू असतो, पण एकही फोन वाजत नाही. इन्व्हर्टर वापरायचा तर तो यूपीएस मोडवर हवा, नाहीतर वीज जाताच सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

ऊन: बहुतेक सर्व्हर १० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत हा आकडा सहज ओलांडला जातो.

धूळ: कारखान्यात बगॅसचं भुसकट आणि काजळी हवेत असते. बंद खोली, जाळी आणि ठरावीक काळाने सफाई याला पर्याय नाही.

वळीव: तांब्याच्या लाइनवरून विजेचा झटका थेट कार्डापर्यंत येऊ शकतो. चांगलं अर्थिंग आणि लाइनवर सर्ज प्रोटेक्टर हा खर्च कार्डाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

दुरुस्तीला माणूस यायला वेळ लागणार असेल तर दुरून नियंत्रणाची सोय असलेला सर्व्हर घ्या. सर्व्हर गोठला तरी तंत्रज्ञ पुण्यात बसून तो पुन्हा सुरू करू शकतो. काही कंपन्या दुरून पडदा पाहण्याच्या सोयीसाठी वेगळे पैसे घेतात, ते आधीच विचारा. ही सोय फक्त आतल्या नेटवर्कवर ठेवा. फोन यंत्रणाही इंटरनेटवर उघडी सोडू नका. कच्चा पासवर्ड सापडला की चोर रातोरात परदेशी कॉल लावून मोठं बिल करून ठेवतात.

एक महाग की दोन साधे?

ऑफिस छोटं असेल, सिप ट्रंक असेल आणि वीस-पंचवीस फोन असतील, तर रॅकमाउंट सर्व्हरचीच गरज नाही. कमी वीज खाणारा छोटा संगणक पुरतो.

मोठ्या संस्थेने एक दणकट सर्व्हर घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन साधे घेऊन दुसरा तयार ठेवणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. वापरलेले सर्व्हर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात स्वस्त मिळतात, पण त्यांची वीज जास्त जाते आणि डिस्क नव्याच घालाव्या लागतात.

खरेदीआधी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

• आपल्या लाइनसाठी कार्ड लागेल की गेटवे चालेल?
• कार्डाचा स्लॉट आणि उंची सर्व्हरशी जुळते का?
• पॉवर सप्लाय दोन आहेत का? चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलता येते का?
• पंखा किंवा पॉवर सप्लाय बिघडला तर सुटा भाग किती दिवसांत इथे पोहोचेल?
• बॅकअपवरून दुसऱ्या सर्व्हरवर यंत्रणा उभी करून दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. हंगाम सुरू होण्याआधी एकदा मुद्दाम चालू सर्व्हरची वायर काढा आणि घड्याळ लावा. गेटवरचा फोन पुन्हा किती मिनिटांत वाजला, यावरूनच खरेदी बरोबर झाली की नाही ते कळतं.